वायर अँटेना किती उंच लावायचा? नागपूरच्या गच्चीवरचा हिशोब

हॅम रेडिओचं लायसन्स हातात आलं, रेडिओ आला, टेबलवर मांडून झाला, आता वायर टाकायची. आणि इथेच गाडी अडते, कारण ज्याला विचारावं तो "जितका उंच तितका चांगला" म्हणतो आणि विषय संपवून टाकतो. हे उत्तर चूक नाही पण नागपुरात बसलेल्या माणसासाठी अर्धवट आहे. उंची ठरवायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, बोलायचं कोणाशी आहे? अमरावती-चंद्रपूरवाल्यांशी, मुंबई-पुणे-हैदराबादशी, की युरोप-जपानशी? उत्तर बदललं की उंची बदलते, आणि बँड बदलला की परत बदलते.

मी इथे फक्त आडव्या वायरबद्दल बोलून राहिलो, म्हणजे हाफ-वेव्ह डायपोल (अर्ध्या वेव्हलेंथची वायर, केबल मध्ये जोडलेली), त्याचाच उलटा व्ही, आणि एंड-फेड (केबल एका टोकाला, ट्रान्सफॉर्मरमधून जोडलेली). व्हर्टिकलचं, म्हणजे उभ्या अँटेनाचं, गणित पूर्ण वेगळं आहे, ते यात मिसळू नका.

फूट नाही, वेव्हलेंथ

अँटेनाला फूट-मीटर कळत नाही, त्याला स्वतःची वेव्हलेंथ, म्हणजे लहरीची लांबी, कळते. ७.१ मेगाहर्ट्झवर वेव्हलेंथ साधारण ४२ मीटर (म्हणून त्याला ४० मीटर बँड म्हणतात), १४.२ वर २१, २१.२ वर १४ आणि २८.४ वर साडेदहा मीटर. आता समजा तुमची वायर ३५ फुटावर आहे, म्हणजे साडेदहा मीटर. ही एकच उंची ४० मीटर बँडसाठी पाव वेव्हलेंथ झाली, २० मीटरसाठी अर्धी, १५ साठी पाऊण आणि १० मीटर बँडसाठी पूर्ण एक. म्हणजे तोच खांब, तीच गच्ची, पण चार बँडवर चार वेगळे अँटेना असल्यासारखं वागणार.

का, तर वायरमधून सिग्नल वर जातो तसा खालीही जातो. खालचा जमिनीवर आपटून उलटा फेज घेऊन वर येतो आणि थेट वर गेलेल्या सिग्नलला जाऊन मिळतो, काही कोनांवर दोघं मिळून जोर वाढते आणि काही कोनांवर एकमेकांना खाऊन टाकतात. कोणत्या कोनावर काय होईल हे उंचीवर ठरते. सूत्र सोपं आहे: वेव्हलेंथला उंचीच्या चौपटीने भागा, जो आकडा येईल तो ज्या कोनाचा साइन असेल त्या कोनावर पहिला जोरदार लोब, म्हणजे सिग्नलचा झोत. पाव वेव्हलेंथ उंचीला उत्तर येते १, म्हणजे ९० अंश, सरळ डोक्यावर. अर्ध्या वेव्हलेंथला ३० अंश, पाऊणला साडेएकोणीसच्या आसपास, आणि पूर्ण वेव्हलेंथला साडेचौदा. पावच्या खाली कितीही उतरा, जोर डोक्यावरच राहतो, फक्त जमीन त्यातला वाटा खात जाते.

आता नकाशा काढा

नागपूरचा फायदा हा की आपण देशाच्या पोटात बसून आहोत, झिरो माइलचा दगड काही उगाच नाही. हैदराबाद हवाई अंतराने चारशे किलोमीटरच्या थोडं वर, पुणे सहाशेच्या थोडं वर, मुंबई सातशेच्या आसपास, दिल्ली साडेआठशे, चेन्नई-बंगळुरू नऊशेच्या घरात, कोलकाता हजारच्या आत. अमरावती, चंद्रपूर, गोंदिया तर दीडशेच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याला रोज ज्यांच्याशी बोलायचं ते बहुतेक हजार किलोमीटरच्या वर्तुळात. श्रीनगर किंवा तिरुवनंतपुरम घेतलं तरी फार लांब जात नाही. मुंबईतल्या माणसाला गुवाहाटी दोन हजार किलोमीटरच्या वर पडते, त्याचं गणित वेगळं, आपलं वेगळं.

एफ-२ थर (वातावरणाच्या वरचा, सिग्नल परत खाली पाठवणारा थर) तीनशे किलोमीटर उंचीवर धरला आणि सिग्नलने एकच उडी मारली, कॅरमचा स्ट्रायकर कडेला लागून परत येतो तशी, तर किती अंतराला किती कोन लागतो हे काढता येते. दीडशे किलोमीटरला साधारण ७५ अंश. हैदराबादच्या चारशेला ५५. मुंबईच्या सातशेला ३८. नऊशेला ३१. आणि दोन हजार किलोमीटर जायचं असेल तर १२ अंशाच्या आसपास. थर खाली-वर होतो तसे हे आकडे हलतात, पण अंदाज यायला पुरे.

आता हे दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहा. आपल्याला देशात बोलायला ३० ते ७५ अंशाचे कोन पाहिजेत. ४० मीटर बँडवर पाव वेव्हलेंथ उंची, म्हणजे ३५ फूट, हे सगळे कोन कव्हर करते, आणि लोब रुंद असल्याने मुंबईच्या ३८ अंशावरही भरपूर सिग्नल जातो. म्हणजे सकाळच्या ४० मीटरच्या गप्पांसाठी नागपूरवाल्याला ७० फुटाचा टॉवर लागत नाही. उलट तो नडू शकते. ७० फूट म्हणजे ४० मीटरवर अर्धी वेव्हलेंथ, आणि त्या उंचीला डोक्यावरच्या कोनात नल येतो, म्हणजे तिथे सिग्नल जवळपास शून्य. त्या ७० फुटावरून युरोप छान ऐकू येईल पण अमरावतीवाला "सिग्नल कमी झाला भाऊ" म्हणेल आणि तुम्ही रेडिओ उघडून पाहत बसाल.

माझं मत विचाराल तर ४० मीटरसाठी नागपुरात २५ ते ४० फूट, बस. २५ खाली नाइलाज असेल तर उतरा, चालते. १४ फूट म्हणजे दहावा हिस्सा वेव्हलेंथ, इथपर्यंत नुकसान थोडंच आहे, एक-दोन डीबी (डेसिबेल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप). ७-८ फुटावर मात्र निम्म्याहून जास्त पॉवर माती गरम करण्यात जाते. माती वायरच्या इतकी जवळ असते की १०० वॉटचा रेडिओ ४०-५० वॉटचा होऊन जातो. तरी गंमत म्हणजे तसाही अँटेना दुपारी हैदराबाद करून दाखवतो आणि मग लोकांना वाटते उंचीने काही फरक पडत नाही.

एक गोष्ट उंचीच्या हातात नाही, ती इथेच सांगून ठेवतो. रात्री उशिरा, पहाटेकडे, थर पातळ होतो आणि ७ मेगाहर्ट्झ सरळ वर पाठवलं तर ते परत न येता वर निघून जाते. तेव्हा जवळचे स्टेशन गायब होतात आणि लांबचे येतात. हा अँटेनाचा दोष नाही, वायर वर-खाली करून ते परत येणार नाहीत. त्यासाठी ८० मीटर बँड आहे. तिथे पाव वेव्हलेंथ म्हणजे ६८ फूट, ते कोणाच्या गच्चीवर होत नाही, पण ३५ फुटावर टाकली तरी ती साधारण आठवा हिस्सा होते आणि रात्री देशभर बोलायला तेवढी पुरते. अडचण उंचीची नाही लांबीची आहे, ८० मीटरचा डायपोल टोकापासून टोकापर्यंत जवळपास ४० मीटर लागतो.

२० मीटर आणि वरचे बँड

इथे खेळ उलटा होतो. २० मीटर बँडवर अमरावती-हैदराबादशी बोलायची अपेक्षाच नाही, इथे लांब जायचं आहे, म्हणजे कोन खाली पाहिजे. १७ फुटावर, म्हणजे पाव वेव्हलेंथवर टाकलेला २० मीटरचा डायपोल सगळा जोर डोक्यावर फेकतो जिथे त्या फ्रिक्वेन्सीला कोणी परत पाठवत नाही. तोच ३५ फुटावर नेला तर १० अंशाच्या कोनावर साडेपाच डीबीच्या वर फायदा होतो. साडेपाच डीबी म्हणजे पॉवर साडेतीन पटीच्या वर, म्हणजे १०० वॉटचा रेडिओ साडेतीनशे वॉटचा केल्यासारखं, तेही एका पाइपच्या किमतीत. ॲम्प्लिफायरचे भाव पाहून झाले असतील तर हा हिशोब परत एकदा वाचा.

म्हणून नागपुरात एकच उंची निवडायची असेल आणि अनेक बँड चालवायचे असतील तर ३५ फुटाच्या आसपास सगळ्यात कामाची. ४० मीटरवर देश, २० मीटरवर परदेश, १५ आणि १० वर अजून खालचा कोन. सूर्यचक्र (सूर्यावरच्या डागांचं चक्र, डाग जास्त तेव्हा वरचे बँड चांगले चालतात) २०२४ च्या सुमारास माथ्यावर होतं, त्यामुळे १५ आणि १० मीटरची मजा अजून गेली नाही, आणि त्या बँडना तर २०-२२ फूटही भागते.

दिशेचं पण बोलून टाकतो. वायर पाव वेव्हलेंथ किंवा त्याखाली असेल तर दिशा विसरा, कशीही टाका, जिथे झाड आहे तिथे बांधा. पण अर्ध्या वेव्हलेंथवर गेली की वायर आपल्या दोन्ही बाजूंना जास्त आणि टोकांच्या दिशेला कमी देते. नागपूरहून जर्मनी साधारण ३१६ अंशावर, म्हणजे वायव्येला, आणि सिडनी १२८ च्या आसपास, आग्नेयेला. दोघं एकमेकांच्या जवळपास समोरासमोर आले. वायर ईशान्य-नैऋत्य ताणली की एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया. जपान ६० अंशावर, ते बिचारं वायरच्या टोकाला येते, पण उलटा व्ही केला तर टोकाचा खड्डा बराच भरून निघते, म्हणून फार जिवाला लावून घेऊ नका.

उंची कुठून मोजायची

हा प्रश्न घरोघरी वेगळा. जमिनीपासून की स्लॅबपासून? ग्राउंड प्लस वनचं घर, गच्ची जमिनीपासून २२-२३ फुटावर, त्यावर २० फुटी पाइप. मग उंची ४२ की २०?

दोन्ही, कोनाप्रमाणे. सिग्नल जमिनीवर नेमका कुठे आपटतो ते पाहा. वायर १० मीटरवर असेल तर ६० अंशाच्या कोनासाठी आपटायची जागा वायरच्या खालून साधारण ६ मीटरवर, ३० अंशासाठी १७ मीटरवर, १५ अंशासाठी ३७ मीटरवर. म्हणजे जवळच्या स्टेशनसाठी परावर्तन तुमच्याच स्लॅबवर होते, त्यातल्या सळयांच्या जाळीवर, आणि लांबच्या स्टेशनसाठी ते शेजाऱ्याच्या अंगणात किंवा त्याच्याही पलीकडे रस्त्यावर होते. म्हणून डीएक्सचा, म्हणजे लांबच्या परदेशी स्टेशनांचा, हिशोब जमिनीपासूनच्या उंचीवर करा, जवळच्या गप्पांचा स्लॅबपासूनच्या, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी खरं उत्तर आहे असं समजून चला. अचूक काढायचं असेल तर कॉम्प्युटरवर मॉडेल करता येते, पण आजूबाजूची घरं, टाक्या, सोलरचे स्ट्रक्चर हे सगळं कोण घालत बसते.

आपली काळी माती ह्या बाबतीत चांगली आहे, ओली असली की वीज बऱ्यापैकी वाहते, परावर्तन नीट होते. मे महिन्यात तीच माती भेगा पडून कोरडी ठाक होते आणि खाली टाकलेल्या वायरचं वागणं पावसाळ्यापेक्षा वेगळं दिसते. वायर जितकी उंच तितका हा ऋतूंचा फरक कमी.

गच्चीवर एक नियम मात्र पाळा, वायरचा मधला भाग स्लॅबपासून १२ फुटांच्या खाली आणू नका. घराचा सगळा कचरा तिथे खालीच असतो. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, टीव्हीचे अॅडॉप्टर, कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, आणि आता दर दुसऱ्या छतावर सोलरचा इन्व्हर्टर. हा आवाज घराच्या वायरिंगला चिकटून असतो, दूर गेलं की पटकन कमी होतो. पाच फूट वर नेल्याने सिग्नल वाढला नाही तरी नॉइज रेडिओच्या सिग्नल मीटरवर एस-७ वरून एस-५ वर आला तर स्टेशन ऐकू येणारच. ऐकू आलं नाही तर बोलणार कोणाशी?

एसडब्ल्यूआर पाहून उंची ठरवू नका

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनातून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ सगळ्यात चांगलं. हे वेगळं सांगायला लागते कारण मीटर समोर असते आणि सुई छान खाली बसली की माणूस खुश होतो. मोकळ्या आकाशात डायपोलचा फीड पॉइंट, म्हणजे केबल जोडायची जागा, ७३ ओहम असतो. जमिनीजवळ आणला की तो उंचीप्रमाणे वर-खाली होतो, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास नव्वदच्या वर जातो, अर्ध्या वेव्हलेंथला परत सत्तरच्या आसपास, आणि पावच्या खाली उतरत गेलं की घसरत ५० च्या खालीही जातो. म्हणजे खाली उतरताना कुठेतरी रेडिओला पाहिजे असलेला ५० ओहम येणारच आणि एसडब्ल्यूआर १.१ दाखवणारच. त्यात जमिनीत वाया गेलेली पॉवरही रेझिस्टन्स म्हणूनच मोजली जाते, मीटरला ती माती आणि आकाश वेगळं कळत नाही. ३५ फुटावर १.६ असेल आणि १५ फुटावर १.१, तर ३५ च ठेवा. ४० मीटरवर १.६ ने काहीच बिघडत नाही.

उंचीचा दुसरा परिणाम रेझोनन्सवर, म्हणजे वायर ज्या फ्रिक्वेन्सीला बरोबर जुळते तिच्यावर. खाली असलेली वायर जमिनीशी जास्त कपॅसिटन्स धरते, म्हणून तिचा रेझोनन्स खाली येतो, तीच वायर वर नेली की वर सरकतो. म्हणून कमरेच्या उंचीवर धरून वायर कापायची नाही. १४३ भागिले मेगाहर्ट्झ करा, तेवढे मीटर पूर्ण लांबी, ७.१ साठी २० मीटर आणि थोडं. दोन्ही टोकांना एकेक फूट जास्त ठेवा. घरच्या वायरिंगची प्लास्टिक कव्हरवाली दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची वायर घेतली असेल तर ती दोन-तीन टक्के कमीच लागेल. मग तिला शेवटच्या उंचीवर चढवा, नॅनो व्हीएनएने (रेझोनन्स दाखवणारं छोटं मीटर) पाहा, उतरवा, जास्तीची वायर कापायची नाही तर मागे दुमडून स्वतःवरच गुंडाळायची, परत चढवा. कंटाळवाणं आहे, म्हणूनच कप्पी लावा, पुढे सांगतो.

३० बाय ५० च्या प्लॉटवर कसं बसवायचं

मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवन, जिथे पाहाल तिथे ३० बाय ५० चे प्लॉट. कर्ण ५८ फूट, म्हणजे पावणेअठरा मीटर. ४० मीटरचा डायपोल २० मीटर, सरळ बसत नाही. म्हणून उलटा व्ही. मधला फीड पॉइंट वर, दोन्ही पाय तिरपे खाली, मध्ये कोन १२० अंश. मग आडवा पसारा होतो सव्वासतरा मीटर, कर्णात बसतो, आणि टोकं मधल्या बिंदूपेक्षा ५ मीटर खाली येतात. कोन ९० केला तर पसारा १४ मीटर पण टोकं ७ मीटर खाली, आणि ९० पेक्षा कमी करूच नका, दोन्ही पाय एकमेकांचं काम खोडायला लागतात.

बरं, फीड पॉइंट ५० ओहमच्या जवळ येणे हा व्हीचा अजून एक फायदा. उंचीच्या हिशोबात करंट मध्ये सगळ्यात जास्त असतो, म्हणून मधला बिंदू कुठे आहे हेच जास्त महत्त्वाचं, टोकं खाली आल्याने तेवढं नुकसान नाही. साधारण समजून घ्या की व्हीची खरी उंची शेंड्यापेक्षा थोडी खाली.

आता हिशोब. गच्ची ७ मीटरवर. त्यावर थेट ६ मीटरचा पाइप उभा केला तर शेंडा १३ मीटर. पण वायर तिरपी खाली येताना घराच्या कोपऱ्यावर, पॅरापेटजवळ, स्लॅबपासून फक्त दोन मीटर राहते, म्हणजे हात वर केला की लागली. हे चालणार नाही. पाइप जिन्याच्या खोलीवर उभा करा, ती अडीच मीटर फुकट उंची देते. शेंडा जमिनीपासून साडेपंधरा मीटर (स्लॅबपासून साडेआठ, म्हणजे २८ फूट), कोपऱ्यावर वायर स्लॅबपासून साडेचार मीटर, टोकं जमिनीपासून साडेदहा मीटरवर, प्लॉटच्या कोपऱ्यातल्या बांबूला किंवा शेवग्या-कडुनिंबाच्या झाडाला दोरीने. ४० मीटरवर हा शेंडा वेव्हलेंथच्या तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा वर, लोब ४३ अंशाच्या आसपास, म्हणजे मुंबई-पुणे-दिल्लीच्या बरोबर दिशेने, आणि डोक्यावरचं नुकसान सव्वादोन-अडीच डीबी, अमरावतीला कळणारही नाही. २० मीटरवर कोन वीसच्या आसपास. ह्याहून जास्त एका कुटुंबाच्या घरावर मागू नका.

जिन्याची खोली नसेल, किंवा तुम्ही फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल आणि सोसायटी एकच पाइप लावू देत असेल, तर एंड-फेड हाफ-वेव्ह तिरपी टाका, एक टोक वर, एक खाली. फक्त ट्रान्सफॉर्मरवालं टोक खिडकीजवळ आणू नका, कारण तिथे व्होल्टेज जास्त. १०० वॉटवर अडीच हजार ओहमच्या आसपासच्या टोकाला पाचशे व्होल्ट आरएमएस, पीक सातशे. डायपोलची टोकंही थंड नसतात. म्हणून टोकाची किमान उंची हा अँटेनाचा नाही, घरातल्या माणसांचा नियम आहे, जिथे कोणी उभं राहू शकते तिथून आठ फूट वर, आणि गच्चीवर पोरं येत असतील तर दहा.

खांब, दोरी, मांजा

प्लास्टिकचा पीव्हीसी पाइप मास्ट म्हणून वापरू नका. आपल्याकडे ४५ डिग्रीला उन्हात तो मऊ पडतो आणि जूनपर्यंत धनुष्य होऊन बसते. दीड इंची जीआय पाइप ६ मीटरचा मिळतो, वजन वीस किलोच्या आसपास, एकट्याने उभा करायचा नाही. बांबू स्वस्त, हलका, विदर्भात कमी नाही, पण दोन पावसाळ्यांनंतर खालचं टोक ठोकून पाहत जा. पाइपला दोन-तृतीयांश उंचीवर तीन तणावे, १२० अंशावर, प्रत्येक तणाव्याला टर्नबकल. मे-जूनमधलं वादळ धुळीसकट येते आणि अर्ध्या तासात गच्चीवरची टाकीची झाकणं शेजाऱ्याकडे पोचवते, तेव्हा तणावे कामी येतात.

शेंड्याला कप्पी बसवा आणि फीड पॉइंट दोरीने वर ओढा. पाइप न उतरवता वायर खाली-वर करता आली पाहिजे, नाहीतर ट्यूनिंगचा कंटाळा येऊन तुम्ही जे आहे तेच ठेवाल. दोरी पॉलिस्टरची घ्या. बाजारातली ती निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी उन्हाने कडक होते, तंतू सुटायला लागतात आणि हात फिरवला की भुगा लागतो. झाडाला बांधत असाल तर दोरी कप्पीतून घेऊन खाली विटेचं वजन लटकवा, झाड हलते तेव्हा वीट वर-खाली होते आणि वायर तुटत नाही.

आणि संक्रांत. जानेवारीत नागपूरच्या आकाशात काय असते ते सांगायला नको, आणि नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो येतोच. तुमची ३५ फुटावरची आडवी वायर म्हणजे कटलेल्या पतंगांसाठी जाळं. पतंग अडकला एवढ्याने काही होत नाही, पण खालून कोणी मांजा ओढते आणि तो दोरीवर घासतो. संक्रांतीनंतर माझ्या टोकाच्या दोरीत, अंडा इन्सुलेटरपासून वीतभर अंतरावर, जाडीच्या अर्ध्यापर्यंत खाच गेलेली होती, तांब्याला काही नाही. म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात वायर खाली घेऊन ठेवलेली बरी, पोरंही खुश. कप्पी असेल तर पाच मिनिटांचं काम.

उंची वाढवायची नाही अशा दोन जागा. एक, महावितरणची ११ केव्हीची लाइन किंवा गल्लीतली साधी लाइनसुद्धा. नियम असा की पाइप किंवा वायर कशीही तुटून पडली, कोणत्याही दिशेला पडली, तरी लाइनपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर. पोचत असेल तर पाइप छोटा करा, डीएक्स गेलं तरी चालेल. दुसरी, सोनेगाव विमानतळाच्या आजूबाजूचा भाग, तिथे बांधकामाच्या उंचीवर बंधनं असतात आणि तुमचा मास्ट त्यात येतो की नाही हे उभा करायच्या आधी विचारून घ्या.

विजेचं म्हणाल तर ३५ फुटावरच्या वायरला थेट झटका बसला तर कोणताही अरेस्टर रेडिओ वाचवणार नाही. पाइपला जाड तांब्याचं अर्थिंग द्या, आणि ढग जमायला लागले की कोॲक्स (रेडिओ ते अँटेना जाणारी केबल) रेडिओतून काढून घराबाहेर. जूनभर ही सवयच लावून घ्या.

कोॲक्सचं एका वाक्यात: उंची वाढली की केबल वाढते, पण ७ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ या पातळ केबलच्या २५ मीटरला साधारण एकच डीबी जातो, म्हणून ४० मीटरसाठी जाड केबलमागे पैसे घालू नका, १० मीटर बँड चालवणार असाल तर जाड आरजी-२१३ पाहा. फीड पॉइंटला वन-टू-वन बलून किंवा चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा भाग) मात्र टाकाच, नाहीतर खाली उतरणारी केबलही अँटेनाचा भाग होते आणि तुमचा उंचीचा सगळा हिशोब गेला.

शेवटी तपासायचं कसं? एफटी-८ वर (कॉम्प्युटरने चालणारी डिजिटल पद्धत) कमी पॉवर ठेवून एका संध्याकाळी वायर ३५ फुटावर असताना चार-पाच कॉल करा, पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर कोणी किती डीबीने ऐकलं ते पाहा, लगेच कप्पीने २५ फुटावर आणून परत करा. पंधरा मिनिटांच्या आत करा, कारण त्याहून जास्त वेळ गेला की थरच बदलतो आणि तुम्ही अँटेना नाही, आकाश मोजत बसता. एकाच स्टेशनचे दोन रिपोर्ट ताडून पाहा, जवळचे वेगळे आणि लांबचे वेगळे. दोन-तीन वेगळ्या संध्याकाळी हे केलं आणि तुम्हाला ज्यांच्याशी बोलायचं आहे त्या स्टेशनांमध्ये फरक दोन डीबीच्या आतच राहिला, तर खालचीच उंची ठेवा, तणाव्यांना वारा कमी लागते.